कोंग्सफ्योर्डमधील प्राणिप्लवक : एका निष्कर्षाची फेरतपासणी

मुंबईतील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीला आर्क्टिकमधील प्राणिप्लवकांचे (पाण्यात तरंगत, प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या लहान प्राण्यांचे) नमुने अभ्यासण्याची संधी मिळाली. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील कोंग्सफ्योर्ड या फ्योर्डमध्ये (हिमनदीने कोरलेल्या, समुद्राच्या लांबट खाडीत) उन्हाळ्यात जाळी ओढून गोळा केलेले आणि फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेले हे नमुने एका सहयोगी गटाकडून विभागाकडे आले होते. कोणत्या प्रजाती, किती प्रमाणात, फ्योर्डच्या कोणत्या भागात आणि किती खोलीवर आढळतात, एवढाच लघुप्रबंधाचा प्रश्न होता. पहिल्या मसुद्यात मात्र तिने निष्कर्ष असा काढला की, फ्योर्डच्या मुखापासून हिमनद्यांच्या कड्यांपर्यंत सर्वत्र अटलांटिक प्रजातीचे (कॅलॅनस फिनमार्किकसचे) वर्चस्व आहे आणि आर्क्टिक प्रजाती येथून हटत चालल्या आहेत. हे विधान कशाच्या आधारावर उभे होते आणि तपासणीअंती त्यातले काय टिकले, याची नोंद मार्गदर्शक या नात्याने येथे केली आहे. आर्क्टिकच्या बदलांविषयी इतके काही छापून येत असते की असे विधान सहज पटते, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगे वाटले.

फ्योर्ड आणि त्यात शिरणारे पाणी

कोंग्सफ्योर्ड स्पिट्सबर्गेन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ७९ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहे. त्याची लांबी सुमारे २० किलोमीटर आणि रुंदी ४ ते १० किलोमीटर भरते. त्याच्या दक्षिण काठावरील न्यू-ओलेसुंड ही मुळात कोळसा खाणीची वस्ती होती. १९६२ च्या दुर्घटनेनंतर खाणकाम थांबले आणि पुढे ती संशोधकांची वस्ती झाली. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम ऑगस्ट २००७ मध्ये येथे गेली, १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र सुरू झाले आणि जुलै २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही नांगरलेली वेधशाळा याच फ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर बसवण्यात आली.

या फ्योर्डचे वेगळेपण त्याच्या मुखाशी आहे. अनेक फ्योर्डच्या मुखाशी समुद्रतळाचा उंचवटा असतो आणि तो बाहेरच्या खोल पाण्याला अडवून धरतो. कोंग्सफ्योर्डच्या मुखाशी असा उंच अडसर नाही; उलट कोंग्सफ्योर्डरेना नावाची खोल घळ बाहेरच्या समुद्रबुडजमिनीवरून (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरून) थेट आत येते. बाहेर पश्चिम स्पिट्सबर्गेन प्रवाह वाहतो. उत्तर अटलांटिकचे तुलनेने उबदार आणि खारट पाणी ध्रुवाकडे नेणाऱ्या प्रवाहमालिकेचे हे सर्वांत उत्तरेकडचे टोक आहे. तो प्रवाह आणि किनारा यांच्या मध्ये, बॅरेन्ट्स समुद्राकडून बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आलेला थंड आर्क्टिक पाण्याचा किनारी प्रवाह असतो. वाऱ्याची दिशा, पाण्याची घनता आणि ऋतू यांनुसार या दोहोंपैकी कोणते पाणी किती आत शिरेल हे ठरते. या फ्योर्डच्या अभ्यासात ३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान आणि ३४.६५ पेक्षा अधिक क्षारता (किलोभर पाण्यात सुमारे इतके ग्रॅम क्षार) असलेल्या पाण्याला अटलांटिक पाणी म्हणण्याची प्रथा आहे. २००५-०६ च्या हिवाळ्यात हे पाणी ऐन थंडीत मोठ्या प्रमाणावर फ्योर्डमध्ये आले आणि तेव्हापासून येथील हिवाळी समुद्रबर्फ स्पष्टपणे घटला. विद्यार्थिनीच्या निष्कर्षामागे ही पार्श्वभूमी होती, आणि ती पूर्णपणे खरी आहे.

फ्योर्डच्या आतल्या टोकाला क्रोनेब्रेन आणि कोंग्सवेगेनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. उन्हाळ्यात त्यांचे गोडे, गढूळ पाणी पृष्ठभागावर पसरते, प्रकाश फार खोल जात नाही आणि वनस्पतिप्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) वाढ खुंटते. हिमनदीच्या कड्यालगत गोड्या पाण्याच्या उसळीत सापडलेले प्राणिप्लवक क्षारतेच्या अचानक बदलाने बधिर होतात किंवा मरतात आणि किटिवेक हे समुद्रपक्षी तेथे गर्दी करतात. त्यामुळे मुखाजवळचे स्थानक आणि हिमनदीजवळचे स्थानक या एकाच फ्योर्डमधील दोन अगदी भिन्न परिस्थिती आहेत.

तीन कॅलॅनस

आर्क्टिक समुद्रांतील प्राणिप्लवकांत वजनाच्या दृष्टीने सर्वांत मोठा वाटा कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांच्या गटाचा, आणि त्यातही कॅलॅनस या प्रजातिसमूहाचा असतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर नॉप्लियस या अळीच्या ६ आणि त्यानंतर कोपेपोडाइट या पिल्लाच्या ५ अवस्था पार करून कॅलॅनस प्रौढ होतो. कॅलॅनस फिनमार्किकसचे माहेर उत्तर अटलांटिक आणि नॉर्वेजियन समुद्र; त्याचे जीवनचक्र साधारण एका वर्षाचे असते आणि अंडी घालण्यासाठी मादीला वसंतातील वनस्पतिप्लवकांच्या बहरावर अवलंबून राहावे लागते. कॅलॅनस ग्लॅशिॲलिस आर्क्टिकच्या उथळ समुद्रबुडजमिनीवरील पाण्यात वाढतो आणि त्याला एक ते दोन, कधी तीन वर्षेही लागतात. कॅलॅनस हायपरबोरियस ग्रीनलंड समुद्रात आणि आर्क्टिक महासागराच्या खोल खोऱ्यांत राहतो, अनेक वर्षे जगतो आणि हिवाळ्यात, खोल अंधारात, केवळ साठवलेल्या चरबीच्या बळावर अंडी घालतो.

ही चरबी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी असते. मोजणीच्या बोगोरोव्ह ट्रेमधील खोबणीतून नमुना पुढे सरकवताना पूर्ण वाढ झालेला हायपरबोरियस समोर आला की तो लगेच ओळखू येतो : अंगाने तांदळाच्या दाण्याएवढा, वक्षाच्या शेवटच्या खंडाचे कोपरे टोकदार, आणि शिरोवक्षाच्या (डोके आणि वक्ष मिळून झालेल्या भागाच्या) आतून लांबट, चकचकीत तेलपिशवी पसरलेली. मेणासारख्या एस्टरांनी भरलेली ही पिशवी प्राण्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापू शकते. ठाणे खाडीतील आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे अकार्शिया आणि पॅराकॅलॅनस हे कोपेपॉड पाहण्याची सवय असलेल्या विद्यार्थिनीला या पिशवीचे फार अप्रूप वाटले, आणि ते रास्तच होते. उष्ण कटिबंधातील समुद्रात अन्न थोडेफार वर्षभर मिळते आणि पिढ्या काही आठवड्यांत बदलतात. तिथे एवढा साठा करण्याची गरजच उरत नाही.

कोंग्सफ्योर्डमध्ये या तिन्ही प्रजाती आढळतात. मुखाकडे आणि अटलांटिक पाण्यात फिनमार्किकस, आतल्या भागात ग्लॅशिॲलिस आणि स्युडोकॅलॅनस हा आणखी एक कोपेपॉड, खोल थरांत मेट्रिडिया लाँगा हा कोपेपॉड आणि थोडे हायपरबोरियस, असे त्यांच्या विभागणीचे ढोबळ चित्र जुन्या अभ्यासांतून तयार झालेले आहे. त्यांच्या जोडीला लिमासिना हेलिसिना हा पोहणारा शंखधारी मृदुकाय, थेमिस्टो हे ॲम्फिपॉड आणि थायसानोएसा या क्रिलच्या प्रजाती (दोन्ही झिंग्यासारखे कवचधारी), बाणकृमी आणि उन्हाळ्यात शिंपले व बार्नॅकल यांच्या अळ्या असतात.

संपूर्ण आर्क्टिकचा विचार केला तर हीच मांडणी मोठ्या प्रमाणावर दिसते. मध्यवर्ती खोल खोऱ्यांवर हायपरबोरियसची सत्ता, भोवतीच्या उथळ समुद्रांवर ग्लॅशिॲलिसची. कारा आणि लाप्टेव्ह समुद्रांत सैबेरियाच्या महानद्यांच्या मुखांशी लिम्नोकॅलॅनस मॅक्रुरससारखे मचूळ पाण्यातले कोपेपॉड. आणि चुकची समुद्रात बेरिंगच्या उथळ सामुद्रधुनीतून वाहून आलेले निओकॅलॅनस आणि युकॅलॅनस बुंगी हे पॅसिफिकचे पाहुणे. पाहुणे म्हणण्याचे कारण हे की त्यांची संख्या दरवर्षी येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. प्रजातींची यादी ही बरीचशी पाण्याच्या प्रवासाची नोंद असते, हे या प्रकरणात पुढे फार उपयोगी पडले.

नाव कशावरून दिले

मसुदा वाचताना पहिला प्रश्न निष्कर्षाविषयी नव्हता, पद्धतीविषयी होता : फिनमार्किकस आणि ग्लॅशिॲलिस वेगळे कसे केले? उत्तर अपेक्षित होते. विद्यार्थिनीने नेत्रिकेतील मोजपट्टीने प्रत्येक प्राण्याच्या शिरोवक्षाची लांबी मोजली होती, अवस्था ठरवली होती आणि त्या त्या अवस्थेसाठी प्रचलित असलेल्या लांबीच्या सीमारेषेच्या अलीकडचे प्राणी फिनमार्किकस, पलीकडचे ग्लॅशिॲलिस असे लिहिले होते. अवस्था ठरवण्यात तिची चूक नव्हती, मोजमापे काळजीपूर्वक घेतली होती, आणि ही पद्धत अनेक दशके जगभर वापरली गेली आहे.

अडचण सीमारेषेतच आहे. फिनमार्किकसचे वर्णन गुन्नेरुस यांनी १७७० मध्ये केले आणि हायपरबोरियसचे क्रोयर यांनी १८३८ मध्ये. ग्लॅशिॲलिस ही स्वतंत्र प्रजाती म्हणून याश्नोव यांनी वर्णिली ती १९५५ मध्ये. तोपर्यंतच्या नोंदींत आजचा ग्लॅशिॲलिस बहुधा फिनमार्किकसच्या नावाखालीच मोडत असे, म्हणून जुन्या यादीशी तुलना करताना प्रथम तिचे साल पाहावे लागते. १९५५ नंतरही दोहोंतला ठळक फरक आकाराचाच राहिला. प्रौढांच्या पाचव्या पायाच्या आतल्या कडेवरील दातांच्या रेषेचा बाकही पाहिला जातो, परंतु तोही दोन्ही प्रजातींत काही अंशी सारखाच भरतो. जिवंत ग्लॅशिॲलिसच्या स्पर्शिकांवरील लाल रंगाचा आधार काही ठिकाणी घेतला जातो. पण तो सगळीकडे सारखा भरवशाचा नाही आणि फॉर्मॅलिनमध्ये रंग टिकतच नाही, त्यामुळे मुंबईत आलेल्या बाटल्यांना तो लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

जनुकीय चाचण्या हाताशी आल्यावर चित्र बदलले. २०१२ मध्ये आणि नंतर २०१७-१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामांनी दाखवून दिले की दोन्ही प्रजाती जिथे एकत्र राहतात तिथे त्यांच्या लांबीचे पट्टे एकमेकांवर बरेच येतात आणि लहान राहिलेले ग्लॅशिॲलिस सर्रास फिनमार्किकस म्हणून मोजले जातात. नॉर्वेच्या काही फ्योर्डमध्ये, जिथे ग्लॅशिॲलिस असल्याची कल्पनाही फारशी नव्हती, तिथे तो डीएनएच्या साक्षीने सापडला. म्हणजे लांबीच्या पद्धतीतील चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली नसते. ती मुख्यतः एकाच दिशेने जाते, अटलांटिक प्रजातीचा आकडा फुगवते आणि आर्क्टिक प्रजातीचा घटवते. आपण ज्या बदलाचा शोध घेत आहोत, नेमका तोच बदल मोजण्याच्या पद्धतीतूनही निर्माण होत असेल, तर सावध होण्यासाठी याहून मोठे कारण नको.

‘‘सर, मग माझी सगळी मोजणी वाया गेली का?’’ असे तिने विचारले.

‘‘मोजणी जशीच्या तशी राहील,’’ असे मी सांगितले. ‘‘नावाच्या रकान्यात काय लिहायचं, तेवढं आपण नव्याने ठरवू.’’

त्या बाटल्यांवर डीएनए चाचणी करावी, असे विभागातील एका सहकाऱ्यांनी सुचवले. परंतु फॉर्मॅलिन डीएनएची मोडतोड करते आणि नेहमीच्या पद्धतींनी त्यातून विश्वासार्ह निकाल मिळणे अवघड असते. विभागाची साधने आणि लघुप्रबंधाची मुदत पाहता तो मार्ग सोडून द्यावा लागला.

दोन टोकांचा हिशेब

त्याऐवजी मोजमापांचीच पुन्हा मांडणी केली. हायपरबोरियस टोकदार कोपऱ्यांमुळे निर्विवाद होता, तो वेगळा काढला. उरलेल्यांपैकी अवस्थेनिहाय लांबीचे आलेख काढले आणि दोन्ही प्रजातींच्या पट्ट्यांत बसू शकणारे सर्व प्राणी ‘फिनमार्किकस किंवा ग्लॅशिॲलिस’ अशा एका रकान्यात टाकले. कोपेपोडाइटच्या पहिल्या अवस्थांना तर नावच दिले नाही, कारण त्यांच्यात फरक इतका सूक्ष्म असतो की लांबीवरून नाव देणे हा निव्वळ अंदाज ठरतो.

त्यानंतर प्रत्येक स्थानकासाठी दोन हिशेब केले. एकात संदिग्ध रकान्यातील सर्व प्राणी फिनमार्किकस धरले, दुसऱ्यात सर्व ग्लॅशिॲलिस. खरी स्थिती या दोन टोकांच्या दरम्यान कुठेतरी असणार. जे विधान दोन्ही टोकांना खरे ठरते ते लिहावे, जे एकाच टोकाला खरे ठरते ते लिहू नये, एवढा साधा नियम ठरवला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता, कारण त्याला ना महागडे यंत्र लागले ना नवे नमुने, आणि तरीही विधानाचे बळ कुठवर आहे हे स्पष्ट झाले.

मुखाकडच्या स्थानकावर निष्कर्ष दोन्ही हिशेबांत टिकला. तेथे निःसंशय लहान आकाराचे प्राणी इतके होते की संदिग्ध प्राणी कोणत्याही बाजूला टाकले तरी फिनमार्किकसच पुढे राहत होता. शिवाय त्याच खोलीवरील तापमान आणि क्षारता अटलांटिक पाण्याच्या व्याख्येत बसत होती. हिमनदीकडच्या स्थानकावर मात्र उलट घडले. एका टोकाला फिनमार्किकसचे वर्चस्व दिसत होते, दुसऱ्या टोकाला ग्लॅशिॲलिसचे. म्हणजे ‘सर्वत्र’ हा शब्द ज्या स्थानकावर उभा होता, तेथेच पुरावा गप्प होता.

‘हटत चालल्या आहेत’ हा भाग त्याहूनही कमकुवत निघाला. हटण्याविषयी बोलायचे तर कालक्रम हवा, आणि हाती एका उन्हाळ्याचे नमुने होते. ज्या फ्योर्डमध्ये पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत बदलू शकते, तिथे एका मोहिमेत सापडलेले फिनमार्किकस तिथेच जन्मले की बाहेरून वाहत आले, हे केवळ संख्येवरून कळत नाही. चुकची समुद्रातील पॅसिफिक कोपेपॉडचे उदाहरण येथे उपयोगी पडले : वर्षानुवर्षे भरपूर संख्येने आढळूनही ते तिथे स्थायिक झालेले नाहीत.

जाळीचे छिद्र आणि मध्यरात्रीचा सूर्य

मसुद्यातील ‘वर्चस्व’ या शब्दालाही हात लावावा लागला. संख्येने पाहिले तर कोंग्सफ्योर्डमध्ये, आणि आर्क्टिकच्या बहुतेक समुद्रांत, ऑयथोना सिमिलिस हा चिमुकला कोपेपॉड आघाडीवर असतो. वजनाने पाहिले तर कॅलॅनस. शिवाय नमुने सुमारे २०० मायक्रोमीटर छिद्रांच्या जाळीने घेतलेले होते. प्राणिप्लवकांसाठी ही प्रमाणित जाळी असली, तरी ऑयथोनाच्या लहान अवस्था तिच्यातून सहज निसटतात. त्यामुळे लघुप्रबंधातील प्रत्येक टक्केवारीखाली ‘या जाळीत अडकलेल्या प्राण्यांपैकी’ असे समजूनच वाचावे लागते, आणि ते शब्द तक्त्याच्या शीर्षकातच घातले.

नमुने दिवसाचे की रात्रीचे, ही शंका मुंबईत काम करणाऱ्या कोणालाही आधी येईल, कारण आपल्याकडे प्राणिप्लवकांची वर-खाली ये-जा दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेली असते. कोंग्सफ्योर्डच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तेथील ध्वनिमापनांतून असे दिसले आहे की त्या काळात प्राणी एकाच वेळी, एका ठेक्यात वर-खाली होत नाहीत. ज्याची त्याची हालचाल स्वतंत्र असते. हिवाळ्याच्या ध्रुवीय रात्रीत मात्र ते अत्यंत मंद प्रकाशाला, अगदी चंद्रप्रकाशालाही प्रतिसाद देतात. आपले नमुने उन्हाळ्यातले असल्यामुळे खोलीनुसार वितरणाच्या प्रकरणात वेळेची दुरुस्ती करण्याची गरज पडली नाही.

नावात एवढे काय अडले

परीक्षेच्या वेळी बाह्य परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला, आणि तो योग्य होता. आर्क्टिकचे तापमान १९७९ पासून जागतिक सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने वाढले आहे. मग एका फ्योर्डमधील दोन कोपेपॉडच्या सीमारेषेवरून एवढी काथ्याकूट कशासाठी?

उत्तर अन्नसाखळीत आहे. लिटल ऑक हा मुठीएवढा समुद्रपक्षी स्वालबार्डच्या कड्यांवर लाखोंच्या संख्येने घरटी करतो आणि एका पक्ष्याला दिवसाकाठी सुमारे ६०,००० कोपेपॉड लागतात, असा अंदाज आहे. तो मोठे, चरबीदार ग्लॅशिॲलिस आणि हायपरबोरियस निवडून खातो. लहान फिनमार्किकसमध्ये चरबी कित्येक पटींनी कमी असते. ध्रुवीय कॉड या माशाचेही पोषण बरेचसे याच कोपेपॉडांवर चालते, आणि त्याच्यावर सील व व्हेल. त्यामुळे ‘आर्क्टिक प्रजाती गेली’ असे लिहिणे म्हणजे वरच्या सर्व प्राण्यांच्या ताटातील अन्न निकृष्ट झाले असे सांगण्यासारखे असते. त्यातही एक बारकावा आहे. चरबी प्रजातीपेक्षा प्राण्याच्या आकाराशी आणि अवस्थेशी अधिक निगडित असते, असे अलीकडच्या कामातून पुढे आले आहे. म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने विद्यार्थिनीची लांबीची मोजमापे नावापेक्षाही अधिक उपयुक्त होती, आणि म्हणूनच ती संपूर्णपणे परिशिष्टात देण्याचा आग्रह मी धरला. उद्या कोणी डीएनएच्या आधारे नवी सीमारेषा आखली, तर या मोजमापांवर ती लगेच लावून पाहता येईल.

हे सारे लिहिताना एक गैरसमज टाळायला हवा. अटलांटिक पाणी आत येत आहे, बर्फ घटला आहे आणि उत्तरेकडे दक्षिणेकडचे जीव पोहोचत आहेत, यांपैकी कशावरही या प्रकरणात शंका घेतलेली नाही. उलट धोका इतका खरा असल्यामुळेच त्याच्या नावाने मांडलेला प्रत्येक आकडा तपासाला टिकला पाहिजे.

अंतिम लघुप्रबंधात निष्कर्ष असा छापला गेला : फ्योर्डच्या मुखाजवळ, अटलांटिक पाण्यात, फिनमार्किकसची संख्या ग्लॅशिॲलिसपेक्षा अधिक होती, हिमनदीजवळ दोन्ही प्रजातींचे प्रमाण या पद्धतीने ठरवता येत नाही, हायपरबोरियस आणि मेट्रिडिया लाँगा मुख्यतः खोल थरांत आढळले, आणि कालानुरूप बदलाविषयी या नमुन्यांवरून विधान करता येत नाही. मसुद्यापेक्षा हे परिच्छेद कमी आकर्षक आहेत, हे विद्यार्थिनीने स्वतःच म्हटले, पण त्यातील एकही ओळ तोंडी परीक्षेत मागे घ्यावी लागली नाही.

सहयोगी गटाला पुढील मोहिमेसाठी विभागाने लेखी विनंती पाठवली. प्रत्येक स्थानकावर आणि प्रत्येक थरात नमुन्याचे जाळीवरच दोन भाग करावेत, एक फॉर्मॅलिनमध्ये मोजणीसाठी आणि एक अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी. नमुन्यातील पाण्याने अल्कोहोल पातळ होते, म्हणून २४ तासांनी ते बदलावे. आतल्या स्थानकावर २०० मायक्रोमीटरच्या जोडीने अधिक बारीक छिद्रांची जाळीही ओढावी, आणि प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर त्या खोलीचे तापमान व क्षारता पेन्सिलने लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये टिकत नाही.